डागाला नाव ठेवण्याआधी

(कॅडेट, इयत्ता दहावी)

मागच्या सत्रात आमच्या डॉर्मिटरीत एक प्रकार घडला. त्याची सुरुवात माझ्या एका शब्दाने झाली, म्हणून तो मीच सांगायला हवा. ज्या मित्राबद्दल हे आहे त्याला मी आधी विचारले. तो म्हणाला, "लिही. पण माझे नाव घालू नकोस आणि तुझी चूक लपवू नकोस."

संध्याकाळी खेळून आल्यावर आम्ही नळावर पाय धूत होतो. त्याच्या दोन्ही पावलांवर पांढरे ठिपके दिसले. काही मोहरीएवढे, काही हरभऱ्याएवढे. मी हिंदीत बोलता बोलता सहज म्हणून गेलो की हे तर कोड दिसते. मराठीत कोड म्हणजे त्वचेवर येणारे पांढरे डाग. हा शब्द मी घरी लहानपणापासून ऐकला आहे. पण आमच्या डॉर्मिटरीत बहुतेक मुले हिंदी बोलणारी आहेत. त्यांनी ऐकले 'कोढ़'. हिंदीत कोढ़ म्हणजे कुष्ठरोग.

रात्रीच्या जेवणाला त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बादलीला कोणी हात लावेना. एकाने तर आपला पलंग सरकवून घेतला. घोटाळा कुठे झाला ते मला कळले होते, तरी मी दोन दिवस गप्प राहिलो. खरे सांगायचे तर माझी बादलीही मी थोडी लांब ठेवली. कोड संसर्गाने होत नाही हे मला ऐकून माहीत होते, पण ऐकून माहीत असणे आणि खात्री असणे यांत फरक आहे.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच एम.आय. रूममध्ये गेला. सोबत म्हणून मी गेलो. मेडिकल ऑफिसर मॅडमनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बारीक धागा कधी डागावर, कधी बाजूच्या त्वचेवर टेकवला. प्रत्येक वेळी कुठे लागले ते त्याने बरोबर सांगितले. कुष्ठरोगाच्या डागावर बहुधा स्पर्श कमी कळतो, म्हणून ही तपासणी. नंतर त्यांनी विचारले, "खोलीत पायात काय घालतोस?" तो रबरी स्लीपर घालूनच आला होता. मॅडमनी त्या घातलेल्याच ठेवून पाय पुढे करायला सांगितले. आम्ही पाहतच राहिलो. अंगठ्याजवळून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या पट्ट्यांखाली सगळे ठिपके झाकले गेले होते. पट्टी जिथे, डाग तिथे.

मॅडमनी त्याला त्या स्लीपर बंद करायला सांगून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायची चिठ्ठी लिहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शब्द तू पसरवलास ना? आता त्यामागचे विज्ञानही तूच पसरव." हा लेख म्हणजे ते काम आहे.

त्वचेचा रंग येतो कुठून?

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या अगदी तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. त्यांना झाडाच्या फांद्यांसारखे लांब हात असतात. एक मेलॅनोसाइट अशा हातांनी आजूबाजूच्या साधारण छत्तीस पेशींना रंग पुरवते. आपल्या मेसमध्ये एक वाढपी जसा अनेक टेबलांना वाढतो, तसेच हे.

या रंगाचे नाव मेलॅनिन. तो बारीक दाण्यांच्या रूपात पेशींमध्ये जातो आणि पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखा बसतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून तो केंद्रकातील डीएनएचे रक्षण करतो. म्हणजे मेलॅनिन हे आपल्याला जन्मापासून मिळालेले हेल्मेट आहे.

मला सगळ्यात नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत मेलॅनोसाइटची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो दाण्यांचा आकार, त्यांची संख्या, त्यांची मांडणी आणि मेलॅनिनचा प्रकार यांत. आपल्या शाळेत लडाखपासून केरळपर्यंतची मुले एका रांगेत उभी राहतात. सगळ्यांच्या कातडीतला कारखाना सारखाच आहे, फक्त माल कमीजास्त निघतो.

ब्रूनो ब्लोख आणि काळी पडलेली काच

हा कारखाना चालतो कसा, हे शोधणाऱ्यांमध्ये एक मोठे नाव आहे ब्रूनो ब्लोख. ते स्वित्झर्लंडचे. जन्म १८७८ सालचा. त्यांनी बाझल येथे वैद्यकीचे शिक्षण घेतले, तिथेच त्वचारोग विभागात काम केले आणि १९१६ साली ते झुरिच विद्यापीठात त्वचारोगाचे प्राध्यापक झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. त्वचेचा रंग आणि त्वचेची ॲलर्जी या दोन्ही विषयांत त्यांनी पायाभूत काम केले.

१९१३ साली मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने बाकल्याच्या शेंगांच्या झाडातून एक पदार्थ वेगळा केला होता. त्याचे लांबलचक रासायनिक नाव थोडक्यात 'डोपा' असे घेतात. हा पदार्थ हवेत ठेवला की हळूहळू काळा पडतो. ब्लोख यांनी त्वचेचा गोठवलेला अतिशय पातळ काप घेतला आणि तो डोपाच्या द्रावणात ठेवला. काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सगळा काप काळा झाला नव्हता. तळच्या थरातल्या काहीच पेशी, त्यांच्या फांद्यांसकट, काळ्या झाल्या होत्या.

याचा अर्थ असा की डोपाचा मेलॅनिन बनवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच पेशींत होते. काप उकळला तर रंग येत नसे, कारण उष्णतेने विकर नष्ट होते. १९१७ च्या सुमारास त्यांनी हे मांडले. या परीक्षेला 'डोपा प्रतिक्रिया' म्हणतात. ब्लोख यांनी त्या विकराला डोपा-ऑक्सिडेज म्हटले. पुढच्या संशोधकांनी दाखवले की टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपा आणि डोपापासून पुढे मेलॅनिन, ही साखळी टायरोसिनेज नावाचे विकर चालवते.

या परीक्षेमुळे पांढऱ्या डागाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कोड आलेल्या भागातला काप डोपात ठेवला तर तिथे काळ्या पेशी उमटत नाहीत. म्हणजे डाग हा वरून लागलेला नाही, ती कसली घाण नाही आणि तो कोणते पापही नाही. तिथे फक्त रंग बनवणाऱ्या पेशी काम करत नाहीत किंवा उरलेल्या नाहीत.

प्रिम्युलाचे फूल आणि ॲलर्जी

ब्लोख यांचा दुसरा विषय ॲलर्जी. त्या काळी आयोडोफॉर्म हे जखमेवरचे नेहमीचे औषध होते. बहुतेकांना ते चाले, पण काहींच्या अंगावर त्याने भयंकर पुरळ उठे. ब्लोख यांनी १९११ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. जिथे औषध पूर्वी लागले होते तेवढीच जागा नाही, तर अशा माणसाची सगळी त्वचाच त्या पदार्थाला ओळखते, हे त्यातून दिसले.

नंतर त्यांनी प्रिम्युला या कुंडीतल्या फुलझाडाकडे मोर्चा वळवला. युरोपात घरोघरी हे झाड असे आणि त्याची निगा राखणाऱ्या काही जणांच्या हातांना सतत खाज व फोड येत. १९२६ साली ब्लोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिम्युलाचा तीव्र अर्क निरोगी माणसांच्या त्वचेवर लावून दाखवले की आधी काहीही न होणाऱ्यालाही नंतर त्याची ॲलर्जी होऊ शकते. पुढच्या वर्षी रसायनशास्त्रज्ञ पाउल कारर यांच्याबरोबर त्यांनी त्या झाडातला नेमका दोषी पदार्थ वेगळा केला. त्याला प्रिमिन म्हणतात. याच कारर यांना १९३७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्पर्शाने होणाऱ्या ॲलर्जीचे आज कळलेले काम थोडक्यात असे. निकेल किंवा प्रिमिन यांसारखा लहान रेणू त्वचेत शिरतो आणि तिथल्या प्रथिनाला चिकटतो. त्वचेत लँगरहान्स नावाच्या पेशी असतात. त्या आपल्या पुढच्या चौकीवरच्या टेहळ्या. त्या हा अनोळखी माल उचलून लसिका ग्रंथीत नेतात आणि तिथे टी-पेशींना त्याची ओळख करून देतात. या तयारीला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या वेळी अंगावर काही दिसत नाही. पण तोच पदार्थ पुन्हा लागला की तयार झालेल्या टी-पेशी धावून येतात आणि एक-दोन दिवसांत लाली, खाज, फोड दिसू लागतात.

म्हणूनच "मी हेच घड्याळ तीन वर्षे वापरतोय, याची ॲलर्जी कशी असेल?" हा प्रश्न बरोबर नाही. ॲलर्जी वर्षानुवर्षे वापरलेल्या वस्तूचीही होते. आणि आज उठलेल्या पुरळाचे कारण परवा लागलेले असू शकते.

पाठीवरची परीक्षा

मग गुन्हेगार पकडायचा कसा? यासाठी पॅच टेस्ट असते. तिची सुरुवात योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली दाखवून दिली. ब्लोख यांनी पुढे ती सुधारली आणि ठरावीक पदार्थांचा एक संच सर्वांवर तपासावा ही कल्पना मांडली.

आजही पद्धत तीच आहे. संशयित पदार्थ ठरलेल्या प्रमाणात लहान लहान वाट्यांत भरून चिकटपट्टीने पाठीवर लावतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असा व्यायाम करायचा नाही. म्हणजे कॅडेटला पीटीतून सुटी हवीच. ४८ तासांनी पट्ट्या काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. ज्या वाटीखाली लाली आणि पुरळ, तो पदार्थ दोषी.

आपल्या रोजच्या वस्तूंतले नेहमीचे संशयित असे आहेत. पट्ट्याच्या बकलात आणि घड्याळाच्या मागच्या बाजूला निकेल. बुटाच्या कातड्यात आणि सिमेंटमध्ये क्रोमियमची संयुगे. रबरात ते लवकर पक्के व्हावे म्हणून घातलेली रसायने. केस काळे करायच्या कलपात पीपीडी नावाचा पदार्थ. जत्रेत हातावर काढतात त्या 'काळ्या मेंदी'तही बरेचदा हाच पीपीडी मिसळलेला असतो.

ॲलर्जी वेगळी, पांढरा डाग वेगळा

इथे मी स्वतः गोंधळलो होतो. मित्राच्या पायाला खाज नव्हती, लाली नव्हती, फोड नव्हते. मग स्लीपरने डाग पडला कसा?

याचे उत्तर ब्लोख यांनी शोधलेल्या कारखान्यातच आहे. टायरोसिन हा मेलॅनिनचा कच्चा माल. काही कृत्रिम रसायने, मुख्यतः फिनॉल वर्गातली, टायरोसिनसारखीच दिसतात. मेलॅनोसाइट फसते आणि त्यांनाच आत घेते. टायरोसिनेज त्यांच्यावर काम करू लागते, पण त्यातून मेलॅनिनऐवजी पेशीला घातक पदार्थ तयार होतात आणि ज्यांची प्रकृती तशी आहे त्यांच्या रंगपेशी मरतात. शत्रू आपलाच गणवेश घालून छावणीत शिरावा तसा हा प्रकार. बाकीच्या पेशींकडे टायरोसिनेज नसते, म्हणून त्यांना फारसे काही होत नाही. त्वचा गुळगुळीत राहते, फक्त रंग जातो. याला रासायनिक ल्युकोडर्मा म्हणतात.

ही गोष्ट प्रथम ठळकपणे कळली ती १९३९ साली अमेरिकेत. कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडले होते आणि पांढऱ्या भागाची हद्द हातमोज्यांच्या हद्दीशी जुळत होती. हातमोज्यांच्या रबरात ते टिकावे म्हणून हायड्रोक्विनोनपासून बनवलेले एक रसायन घातलेले होते. तपास करणाऱ्या डॉक्टरांनी डागाचा नकाशा वाचला म्हणून कारण सापडले.

गोरे दिसण्याच्या हौसेनेही हेच होऊ शकते. जपानमध्ये २०१३ साली रोडोडेनॉल नावाचे रसायन असलेली गोरेपणाची प्रसाधने बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्या हजारो लोकांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे चट्टे पडले होते. ते रसायनही टायरोसिनसारखेच दिसणारे होते.

टिकलीखालचा डाग

आपल्या देशात याचे सगळ्यात ओळखीचे उदाहरण आहे टिकली. अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्या, मोतीलाल नेहरू मेडिकल कॉलेजातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग आलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. चिकटवायच्या टिकलीमागच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचे रसायन मोकळे राहिलेले असते आणि त्याने रंग जातो, असे त्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. हे रसायन चिकट राळ बनवताना वापरतात. ते पूर्णपणे राळेत बांधले गेले नाही तर थोडे मोकळे उरते, आणि तेच त्वचेत शिरते. १९९६ साली त्यांनी पादत्राणांमुळे पडणाऱ्या पांढऱ्या डागांवरही लिहिले. मॅडमनी हे सांगितले तेव्हा माझ्या मित्राने आपल्या स्लीपरकडे असे पाहिले, की मला त्याही वेळी हसू आले.

आणि मला माझी मावशी आठवली. तिच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग आहे. तो झाकायला ती गेली काही वर्षे मोठी टिकली लावते. टिकली मोठी झाली तसा डागही मोठा झाला. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. बोलले तरी दबक्या आवाजात, आणि बोलणे मावसबहिणीच्या लग्नावर येऊन थांबे. मी रविवारी घरी फोन केला तेव्हा आईला सगळे सांगितले. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षे आम्ही तिला उपास करायला सांगत होतो. टिकली काढून बघ, असं कुणी सांगितलंच नाही रे."

मावशी आता टिकली लावत नाही आणि त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार घेते. डाग पूर्ण जाईल की नाही हे आत्ताच सांगता येणार नाही, असे तिला डॉक्टरांनी सांगितले आहे. पण तिला कारण कळले, आणि कारण कळल्यावर ती लपत नाही.

याच कपाळावर उलटी गोष्टही घडते. कुंकवात मिसळलेल्या काही रंगांची ॲलर्जी झाली तर आधी खाज येते आणि नंतर तिथे काळसर डाग राहतो. म्हणजे एकाच जागी एक वस्तू रंग नेते, तर दुसरी रंग वाढवते. नुसता डाग पाहून कारण सांगता येत नाही ते यामुळेच.

श्रमदान आणि गाजर गवत

ॲलर्जीचे एक उदाहरण आपल्या मैदानाच्या कडेलाच उभे आहे. पांढऱ्या बारीक फुलांचे, गाजराच्या पाल्यासारख्या पानांचे ते गवत. शास्त्रीय भाषेत त्याला पार्थेनियम म्हणतात, मराठीत गाजर गवत किंवा काँग्रेस गवत. ते मूळचे अमेरिका खंडातले. भारतात १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरले. त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्णही पुण्यातल्या डॉक्टरांना मोठ्या संख्येने दिसू लागले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी या गवताच्या ॲलर्जीचा आणि भारतातील पॅच टेस्टचा दीर्घकाळ अभ्यास केला.

या गवताला हात लावलाच पाहिजे असे नाही. वाळलेल्या झाडाचा चुरा आणि केसासारखे बारीक कण हवेतून येतात. म्हणून पुरळ चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत उठते, म्हणजे कपड्याबाहेरच्या आणि घाम साचणाऱ्या जागी. इथेही डागाचा नकाशाच कारण सांगतो. श्रमदानाच्या दिवशी आपण हे गवत उघड्या हातांनी आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उपटतो. ते बदलायला हवे.

तीन वेगळी नावे

आता पुन्हा माझ्या शब्दाकडे येतो. तीन गोष्टी नीट वेगळ्या केल्या पाहिजेत.

कोड, म्हणजे व्हिटिलिगो. शरीराची संरक्षण यंत्रणाच रंगपेशींवर हल्ला करते. जगात साधारण शंभरात एखाद्या माणसाला तो असतो. तो संसर्गाने होत नाही.

रासायनिक ल्युकोडर्मा. एखाद्या वस्तूतल्या रसायनाने रंग जातो. तोही संसर्गाने होत नाही. दिसायला तो कोडासारखाच असतो. कधी कधी तो वस्तू लागली नाही अशा जागीही पसरतो, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे.

कुष्ठरोग. हा जंतूमुळे होतो. डाग बहुधा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे स्पर्श कमी कळतो. तो बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना संसर्गाची भीती लवकरच संपते. म्हणजे माझ्या मित्राला खरोखर कुष्ठरोग असता, तरी त्याची खुर्ची रिकामी ठेवण्याचे कारण नव्हते. हे वाक्य मॅडमनी मला दोनदा म्हणायला लावले.

आपण काय करायचे?

१. अंगावर नवा डाग किंवा पुरळ दिसले तर लपवू नका. वैद्यकीय तपासणीत अडचण येईल या भीतीने मोठ्या वर्गातली मुले लपवतात. लपवून कारण तसेच राहते आणि डाग वाढतो.

२. एम.आय. रूममध्ये जाताना त्या जागी काय काय लागते याची यादी करून न्या. स्लीपर, घड्याळ, पट्टा, हेल्मेटचा पट्टा, नवा साबण, पॉलिश, मलम, सगळे लिहा.

३. संशयित वस्तू लगेच बंद करा, पण फेकून देऊ नका. डॉक्टरांना ती पाहायची असते.

४. मित्राने दिलेले किंवा दुकानातून आणलेले मलम लावू नका. स्टेरॉइड असलेल्या मलमांनी त्वचा पातळ होते आणि रंगही उडतो. गोरे करणाऱ्या क्रीमबद्दल तर वर लिहिलेच आहे.

५. गवत काढताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल. नंतर लगेच आंघोळ आणि कपडे धुणे.

६. पालकांना विनंती. सुटीत मुलाच्या अंगावर डाग दिसला तर आधी दवाखान्यात न्या. घरातल्या घरात नाव ठेवू नका.

शेवटी

माझ्या मित्राला त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून रासायनिक ल्युकोडर्माच सांगितला. लावायला औषध दिले, रबरी स्लीपर कायमच्या बंद केल्या. पावलाच्या वरच्या भागावर केस कमी असल्याने रंग परत यायला वेळ लागेल असेही सांगितले. याचे कारण मला फार आवडले. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो. वरची फळी पडली की तिथून नव्या पेशी वर येतात. म्हणून रंग परत येतो तो केसाभोवती बारीक तपकिरी ठिपक्यांच्या रूपात. गेल्या महिन्यात त्याच्या उजव्या पावलावर असे चार ठिपके आले. आम्ही ते भिंगातून मोजले.

मॅडमच्या सांगण्यावरून आणि हाऊस मास्तर सरांच्या परवानगीने मी रात्रीच्या फॉल-इनला सगळ्यांसमोर उभा राहिलो. कोड आणि कोढ़ यांतला फरक सांगितला, शब्द माझा होता हे सांगितले आणि बादलीचेही सांगितले. बादलीचे सांगताना आवाज नीट निघत नव्हता. कोणी काही बोलले नाही. ज्याने पलंग सरकवला होता त्याने तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत जागेवर आणला.

मराठीत 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. मी एका डागाला नाव दिले आणि ते मित्राला नाव ठेवल्यासारखे झाले. ब्लोख यांनी काप द्रावणात ठेवला, तासन्‌तास वाट पाहिली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि मग नाव दिले. आपल्याकडे सूक्ष्मदर्शक नसला तरी विचारायला तोंड आणि पाहायला डोळे आहेत. डाग दिसला तर आधी एवढेच विचारा, इथे काय लागते?

जय हिंद.